फॅन फ्रेट बेस फक्त हेवी मेटलवाल्यांनीच घ्यावा का? सुगम संगीतात त्याचा काही उपयोग आहे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सध्या चार तारांची बेस गिटार (म्हणजे बेस) वाजवता, ऑर्केस्ट्रात जुनी मराठी-हिंदी गाणी करता, पाच तारांचा फॅन फ्रेट (ज्याचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, पंख्यासारखे तिरके असतात) घ्यायचं मनात आहे, पण ग्रुपमधले ‘ती फॅशन आहे’ म्हणतात. सवय व्हायला किती दिवस लागतील, हेही विचारलंय.

‘फॅशन’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. अगदी हाच शब्द मी भर तालमीत, सगळ्या वादकांसमोर ऐकून घेतलाय. त्यामुळे उत्तर लांबेल.

मेटलचा विषय एका वाक्यात संपवतो. त्यांना खालचे सूर लागतात म्हणून ते फॅन फ्रेट घेतात. आता आपल्याला कुठले सूर लागतात ते बघा. पुरुष गायक बहुतेक पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत गातात. म्हणजे त्यांचा सा सी, सी शार्प, डी किंवा डी शार्प. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ई. या चारही पट्ट्यांचा खर्जातला सा ई तारेच्या खाली राहतो, आणि तो मिळतो कुठे, तर ईच्याही खालच्या पाचव्या (बी) तारेच्या पहिल्या चार फ्रेटवर, ओळीने. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर सा ई तारेवर सापडतो, पण त्याच्या खालचे मध्यम आणि पंचम पुन्हा पाचव्या तारेवरच. म्हणजे सुगम संगीत वाजवणाऱ्याचा अर्धा जीव ज्या चार फ्रेटमध्ये असतो, नेमके तेच चार फ्रेट साध्या पाच तारांच्या बेसवर सगळ्यात कमजोर असतात.

माझ्याकडे आधी तसाच साधा बेस होता, सरळ फ्रेटचा, सगळ्या तारा ३४ इंची. आमच्या ग्रुपचे संयोजक (त्यांना दादा म्हणतो, नाव घेत नाही) की-बोर्ड वाजवतात, अरेंजमेंटही तेच करतात. काळी एकमधलं एक संथ भावगीत होतं. अंतरा संपून मुखडा येतो तिथे मी खालचा सा धरायचो. दादा थांबवायचे. “अरे, ती पाचवी तार फडफडते. हात लावू नकोस तिला. वरचा सा घे, खालचं मी डाव्या हाताने भरतो.”

तार फडफडत होती, हे खरंच होतं. पण वरचा सा घेतला की तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो, साधारण ६९ हर्ट्झ, आणि तिथे तो थेट डग्ग्याच्या वाटेत जातो. तबलजी मींड काढतो, मी त्याच जागेत सूर धरून उभा, खाली सिंथचा गोळा. तबलजी दर तालमीला तक्रार करायचा की डग्गा ऐकूच येत नाही. दादांचं उत्तर ठरलेलं, बेसचा आवाज कमी कर.

फडफड का होते, हे कुणी विचारलं नाही. तारेची जाडी तीच आणि सूरही तोच ठेवायचा असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३४ इंचाऐवजी ३५ केली तर सुमारे ६ टक्के ताण जास्त. ३७ केली तर सुमारे १८ टक्के. ताण कमी पडतो म्हणून लोक जाड तार लावतात, पण जाड आणि आखूड तार सळईकडे झुकते आणि तिचे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) चढे बोलतात. आणि कार्यक्रमात ऐकू काय येतं? खर्जातला काळी एकचा सा ३५ हर्ट्झच्या आसपास आहे. नाट्यगृहाचे स्पीकर तिथे फारसं काही देत नाहीत, साउंडवालाही खालचं कापून टाकतो. कान तो सूर ओळखतो ७० आणि १०५ च्या स्वरांशांवरून. तेच चढे बोलत असतील तर सूर नुसता घुमतो, नेमका कुठला ते समजत नाही. लांब तारेवर हे स्वरांश जागेवर येतात. फॅन फ्रेटचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

मग सगळ्याच तारा लांब का नाही करायच्या? कारण ३७ इंचावर सगळ्यात वरची, पहिली जी (G) तार ताठ, पातळ आणि करकरीत लागते. खालच्या तारेला लांबी, वरच्या तारेला आखूडपणा, आणि मधल्या तिघी पायरीपायरीने. हे केलं की फ्रेट पंख्यासारखे पसरणारच, दुसरा मार्ग नाही.

मी घेतला तो डिंगवॉल कंपनीचा कॉम्बश्चन, बंगळूरच्या एका मेटलवाल्याकडून सेकंडहँड. बी तार ३७ इंच, जी तार ३४. पहिल्याच तालमीला केस उघडली आणि दादा म्हणाले, “हे काय? वाकडे फ्रेट? हार्मोनियमशी सूर कसा जुळणार? ही मेटलवाल्यांची फॅशन आपल्यात नको.”

त्या दिवशी आमच्यासोबत संतूर होतं. मी दादांना संतूर दाखवलं. त्याची चौकट चौकोनी का नसते? वादकाच्या बाजूला रुंद आणि पलीकडे अरुंद का? कारण खालच्या सुरांच्या तारा लांब, वरच्यांच्या आखूड. स्वरमंडळाचंही तेच, पियानोचं झाकण उघडलं तर तिथेही तेच. बेसवर हीच गोष्ट केली की फॅशन कशी होते? इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात ऑर्फेरियन नावाचं धातूच्या तारांचं वाद्य होतं, त्यातल्या काहींचे फ्रेट असेच तिरके होते. अमेरिकेत राल्फ नोव्हाकला या रचनेचं पेटंट मिळालं १९८९ साली. कॅनडातल्या सास्काटूनच्या शेल्डन डिंगवॉलने ती बेसवर रुजवली. मेटलवाले त्यानंतर आले.

दादांना इतिहास नको होता, सूर हवा होता. तोही दाखवला. ट्यूनर लावून पाचव्या तारेचा पहिला, पाचवा, बारावा फ्रेट वाजवला, मग पहिल्या तारेचा. प्रत्येक तार आपापल्या लांबीच्या बरोबर निम्म्यावर बाराव्या फ्रेटला भेटते. फ्रेट तिरका दिसतो तो एका तारेकडून दुसरीकडे जाताना. एका तारेपुरतं बघाल तर प्रमाण तेच, जे कुठल्याही गिटारवर असतं. की-बोर्डशी प्रत्येक सूर जुळला. हार्मोनियमशी जरा कमी जुळला, कारण ती पेटी जुनी होती आणि थोडी चढी बोलत होती. मग दादांनी की-बोर्डही त्या पेटीशी लावून बघितला, तोही तितकाच कमी निघाला. तेव्हा ते गप्प बसले.

मग तेच भावगीत घेतलं. मुखड्यावर येताना मी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर सा धरला आणि ओळ संपेपर्यंत सोडला नाही. गाणं थांबल्यावर तबलजीने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, “आज माझा डग्गा मोकळा झाला.” दादांनी त्या गाण्यातून डावा हात काढून घेतला. तो आजही काढलेलाच आहे. फ्रेटबद्दल मात्र ते आजही ‘फॅशन’च म्हणतात, पाहुण्या वादकांसमोर तर हमखास. तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी असेल, तर वरचे दोन परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

आता सवयीचं. दिवस मोजून सांगणार नाही, तुमचा हात मला माहीत नाही. पण लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही, आणि अवघड जागा वेगळीच असते. मधल्या भागात, सातव्या फ्रेटच्या आसपास, फ्रेट जवळजवळ सरळ असतात, तिथे काहीच जाणवत नाही. नटाकडे (मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे) ते एका बाजूला कलतात, ब्रिजकडे (खाली तारा अडकतात तिथे) दुसऱ्या. डावं मनगट पहिल्या फ्रेटकडे गेल्यावर नैसर्गिकपणे जसं वळतं, साधारण तसेच हे फ्रेट वळलेले असतात, म्हणून बोटं लवकर ऐकतात. फसवतात ते डोळे. मानेच्या कडेवरचे ठिपके पाचव्या तारेच्या बाजूला असतात. पहिल्या तारेवरचा फ्रेट खालच्या भागात त्या ठिपक्यापेक्षा ब्रिजकडे सरकलेला असतो आणि वरच्या भागात नटाकडे. मंचावर ठिपका बघून पहिल्या तारेवर उडी मारू नका, कान आणि हात यांच्यावर सोडा.

दुसरं म्हणजे, एक बोट एक फ्रेट हा नियम पाचव्या तारेवर सोडून द्या. ३७ इंची तारेवर पहिला फ्रेट नटापासून जवळपास ५.३ सेंटिमीटरवर येतो, ३४ इंची तारेवर ४.८ वर. पहिल्या चार फ्रेटमध्ये डबल बासवाल्यांची १-२-४ बोटं वापरा, करंगळी आणि अनामिका एकत्र. हात ताणून वाजवाल तर मनगट दुखेल आणि दोष वाद्याला द्याल. चार तारांवरून थेट यायला हरकत नाही. पाचवी तार डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी दाबून गप्प ठेवायची सवय नवीन लागेल, पण ती सरळ फ्रेटच्या पाच तारांवरही लागतेच.

विकणारे आणखी एक सांगतात, फॅन फ्रेटने सूर जास्त शुद्ध होतात. नाही होत. की-बोर्डचे बारा समान स्वर तेच राहतात, फक्त खालचा सूर स्पष्ट होतो. गांधार-निषाद गायकाच्या श्रुतीला लावायचे असतील तर फ्रेटलेस (फ्रेट नसलेला बेस) घ्या, तो वेगळा संसार आहे.

अडचणीही सांगतो. तारांचा त्रास खरा आहे. दुकानात सहज मिळणारे सेट ३४ इंची असतात. ३७ इंचासाठी जास्त लांबीचा सेट लागतो, नाहीतर पाचव्या तारेचं रेशमी गुंडाळलेलं टोक नटावर येऊन बसतं. असे सेट मागवावे लागतात, म्हणून एक जादा सेट कायम केसमध्ये ठेवा. फ्रेट घासायला किंवा बदलायला प्रत्येक कारागीर तयार होत नाही, आधी विचारून घ्या. दोन-तीन तारांचे कॉर्ड पहिल्या फ्रेटजवळ धरायला अडचण होते, स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) वरच्या भागात थोडा वेगळा लागतो. हात लहान असतील तर ३७ चा हट्ट नको. आयबानेझचा ईएचबी १००५ एमएस ३५ ते ३३ इंचांचा आहे, शिवाय हेडलेस (मानेच्या टोकाला डोकं नसलेला), म्हणून मान खाली ओढत नाही. आणि तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्या गायिकाच असतील, बहुतेक गाणी पांढरी पाचच्या वर असतील, तर आधी आहे त्या चार तारांवर काम चालतंय का ते बघा, पैसे वाचतील.

घ्यायला गेलात तर दुकानात पहिल्या तारेवर भराभर बोटं फिरवून बघू नका. तुमच्या मुख्य गायकाच्या पट्टीतला खर्जाचा सा पाचव्या तारेवर धरा, अँपचं बेसचं बटण मध्यावर ठेवा, आणि लगेच सरळ फ्रेटच्या ३४ इंची बेसवर तोच सा, तेवढ्याच जोराने. सोबत तुमच्या तबलजीला घेऊन जा. की-बोर्डवाल्याला नेलं नाहीत तरी चालेल.