सोलोची घाई कशाला? उडायला शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आईबाबांचे प्रश्न

लहान विमान उडवायला शिकणाऱ्या मुलामुलींची बरीच पत्रं साठलीयत, बरीचशी सोलोबद्दल, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाबद्दल. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि चार पत्रं घेतलीयत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : मॅडम, मी १६ वर्षांची आहे, सेसना १५२ वर शिकतेय. १९ तास झाले तरी सोलो मिळाला नाही, माझ्याबरोबर सुरू केलेला मुलगा १३ तासांत सोलो गेला. टेकऑफ, टर्न, रेडिओ सगळं जमतं पण लँडिंगला शेवटच्या क्षणी बिघडतं, कधी विमान परत वर उचललं जातं तर कधी धाडकन बसतं. माझ्यात काही कमी आहे का? खरं सांगा.

कमी काही नाही गं. आधी तासांचं बोलू म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल. कुणाला शांत वाऱ्याचे दिवस मिळतात, कुणाचे लेसन रोज होतात, कुणाचे दहा-दहा दिवसांनी होतात आणि दर वेळी अर्धा लेसन मागचं आठवण्यातच जातो. प्रायव्हेट लायसन्ससाठी आंतरराष्ट्रीय नियमातच साधारण ४० तास धरलेत, त्यातले १० सोलो, म्हणजे ते तास सगळ्यांना भरायचेच आहेत. पुढे कुणी विचारत नाही की तुझा सोलो कितव्या तासाला झाला. मी इतकी वर्षं शिकवतेय, मला माझ्या स्वतःच्या सोलोचा आकडा लॉगबुक उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता लँडिंग. तू लिहिलंयस शेवटच्या क्षणी बिघडतं. माझा अनुभव असा की ते बिघडलेलं असतं मिनिटभर आधीच, फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत खाली येताना, फक्त दिसतं शेवटी. समज तुला फायनलला ६० नॉट (विमानाच्या वेगाचं माप) सांगितलेत आणि तू ७० ने आलीस, दहाच नॉट जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणजे तुझ्याकडे जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा जास्त आहे आणि ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. त्यात जमिनीजवळ, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर आलं की पंखांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, कमी होतो, ग्राउंड इफेक्ट म्हणतात ते हेच, मग विमान खाली बसायलाच तयार नसतं, तरंगत राहतं, तू वाट बघून कंटाळून योक (विमानाचं हँडल) ओढतेस आणि ते परत वर. हा झाला तुझा बलून. आणि धाडकन बसतं त्या दिवशी बहुतेक वेग कमी पडलेला असतो किंवा तू फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, उंचावर करून तिथेच वेग संपवतेस. दोन्ही चुकांचं मूळ एकच, वेग बांधलेला नाही.

म्हणून पुढच्या चार लेसनला लँडिंगचा विचारच करू नकोस, फक्त फायनलवर ठरलेला वेग धरून ठेव. ट्रिम (योकवरचा दाब कमी करणारी सोय) नीट लाव आणि योक दोन बोटांनी धर. मुठीत धरलेस तर तुझा ताण थेट विमानाला कळतो. नजर नाकापुढच्या जमिनीवर नको, फ्लेअरला सुरुवात केलीस की नजर रनवेच्या पार टोकाला ने. जवळ बघितलं की जमीन अंगावर धावून येते असं वाटतं आणि हात आपोआप लवकर ओढतो. अजून एक, हे कुणी सांगत नाही, तुझी उंची कमी असेल तर रोज तीच उशी, तीच सीट पोझिशन घे. सीट दोन इंच खाली गेली की रनवेचं सगळं चित्रच बदलतं आणि कालचं शिकलेलं आज जुळत नाही. आणि बाउन्स झालंच तर योक पुढे ढकलायचं नाही, कधीच नाही, नोजव्हील आधी आपटतं आणि मग दुसरा बाउन्स पहिल्यापेक्षा मोठा येतो.

मग करायचं काय? गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं. तुझ्या पत्रात हा शब्दच नाही आणि मला तीच काळजी वाटली. इन्स्ट्रक्टरना सांग मला एक अख्खा लेसन फक्त गो-अराउंडचा हवाय. फुल पॉवर, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद, आणि लक्षात ठेव की लँडिंगसाठी ट्रिम आणि फ्लॅप (पंखांच्या मागे खाली येणारे भाग) लावलेल्या विमानाला फुल पॉवर दिली की नाक स्वतःहून वर उसळतं आणि डावीकडे जायला बघतं, तेव्हा योकवर पुढे दाब आणि उजवा पाय रडरवर (शेपटीचं सुकाणू), फ्लॅप एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. हे हाताला बसलं की लँडिंगची भीती अर्धी जाते कारण प्रत्येक अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, तुझ्याकडे परत जायचा रस्ता उघडा असतो.

मी विद्यार्थ्याला सोलो सोडते तेव्हा काय बघते सांगू? लँडिंग गुळगुळीत झालं का हे मी फारसं बघत नाही. मी न बोलता, न सांगता, त्याने स्वतः ठरवून एखादा वाईट अप्रोच सोडून दिला का, याची मी वाट बघत असते. ज्या दिवशी ते होतं त्या दिवशी मला उजव्या सीटवरून उतरायला भीती वाटत नाही.

आणि उतरल्यावर काय होतं तेही आत्ताच ऐकून ठेव. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो, त्यातून ७५ किलोचा इन्स्ट्रक्टर उतरला म्हणजे दहावा हिस्सा गेला. विमान लवकर उचलतं, सर्किटची (रनवेभोवतीच्या चकरेची) उंची तू क्रॉसविंडवर, म्हणजे टेकऑफनंतरच्या पहिल्या वळणानंतर, असतानाच येते, आणि लँडिंगला नेहमीपेक्षा जास्त तरंगतं. पहिल्यांदाच हे झालं की मुलं गडबडतात, वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तसं झालं तर तू गो-अराउंड कर आणि अजून एक चक्कर मार. खाली उभं राहून बघणाऱ्या इन्स्ट्रक्टरला त्याचा आनंदच होईल.

प्रश्न : मला चष्मा आहे आणि पहिल्या दोन फ्लाइटला उलटी झाली. मी १५ वर्षांचा आहे. माझं जमेल का?

चष्म्याने अडत नाही, चष्मा लावून नजर नीट येत असेल तर मेडिकल (डॉक्टरी तपासणीचं सर्टिफिकेट) मिळतं, फक्त उडताना जादाचा चष्मा जवळ ठेवायला लागतो. रंग ओळखता येणं मात्र महत्त्वाचं, ठिपक्यांच्या चित्रांची टेस्ट असते ती आधीच करून घे, कारण रेडिओ बंद पडला तर टॉवर लाल, हिरव्या, पांढऱ्या लाइटनेच बोलतो. शिकण्यावर पैसे खर्च करण्याआधी मेडिकल, हा क्रम कृपया उलटा करू नका. उलटीचं म्हणशील तर खूप जणांना होते आणि बहुतेकांची काही फ्लाइटनंतर जाते. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, तुडुंब खाऊनही नको, सकाळची वेळ घे कारण दुपारी जमीन तापली की हवा हलवते, आणि बाहेर क्षितिजाकडे बघत राहा. उलटीवरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊन उडू नकोस, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

प्रश्न : ताई, मुलगी १७ ची आहे, एकटी उडायला लागलीय. एकच इंजिन असतं, ते बंद पडलं तर? रात्री झोप लागत नाही. तिच्यासमोर मी काही बोलत नाही.

ताई, तुमची भीती मला कळते आणि ती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ती योग्य जागी वळवते.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ सारखं विमान इंजिनाशिवाय एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे जातं, म्हणजे वारा नसेल तर तीन हजार फुटांवरून आठेक किलोमीटर. तेवढ्यात मोकळी जागा बघून उतरायचं असतं आणि हे मुलं पुन्हापुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर करतात, इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) मागे ओढतो आणि म्हणतो, आता उतरव. शिवाय या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन वेगळे मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं) असतात, बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहतं. आणि इंजिन बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा बिघाड नसतोच, इंधन संपलेलं असतं, चुकीच्या टाकीवर ठेवलेलं असतं नाहीतर त्यात पाणी गेलेलं असतं. म्हणून तिला विचारा, उडायच्या आधी टाकीत स्वतः डोकावून इंधन मोजतेस का, तळाचं इंधन काढून बघतेस का? पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं, छोट्या पारदर्शक कपात ते वेगळं दिसतं. गेज बघितला असं उत्तर आलं तर तेवढं पुरेसं नाही म्हणावं.

मला स्वतःला इंजिनपेक्षा ढगांची भीती जास्त वाटते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० पायलटांवर प्रयोग झाला होता, त्यांना बाहेर न बघता फक्त इन्स्ट्रुमेंटवर उडायचं शिक्षण नव्हतं. सिम्युलेटेड ढगात घातल्यावर सगळ्या २० जणांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाही! क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांगणारी यंत्रणा खोटं सांगते, विमान वळतंय आणि आपल्याला वाटतं सरळ चाललंय. म्हणून तुम्ही घरून एकच मदत करू शकता आणि ती मोठी आहे. ती एअरफील्डवरून न उडता परत आली, म्हणाली हवा ठीक नव्हती, तर "एवढ्या लांब गेलीस आणि फुकट?" हे तोंडातून जाऊ देऊ नका. चहा द्या आणि काय दिसलं म्हणून थांबलीस ते विचारा. आणि झोप लागत नाही हे तिला सांगा, तिला ते कळायला हवं.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, सिम्युलेटरवर उत्तम उडवतो. सर्वात लहान पायलट असा काही रेकॉर्ड करता येईल का? आत्ताच सुरुवात केली तर फायदा होईल ना?

सुरुवात करा, रेकॉर्ड सोडा. हे मी कळकळीने लिहितेय.

१९९६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जेसिका डब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि इन्स्ट्रक्टर असे तिघं देश ओलांडायला निघाले होते, सर्वात लहान म्हणून. टीव्हीवाले, मुलाखती, ठरलेलं वेळापत्रक सगळं होतं. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या शायेन शहराहून वादळ येत असताना ते उडाले, विमानात वजन जास्त होतं, आणि शायेनचा रनवे सहा हजार फुटांच्या वर आहे, तिथे हवा विरळ असते म्हणून इंजिनही कमी ओढतं आणि पंखही. टेकऑफनंतर लगेच विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, पडलं, तिघंही गेले. तपासात वेळापत्रकाच्या दबावाचा उल्लेख आला आणि नंतर तिथे लायसन्स नसलेल्या मुलांच्या अशा रेकॉर्ड फ्लाइटवर कायद्यानेच बंदी आली. त्या मुलीची काय चूक होती? उडायचं की नाही हे तिच्या वतीने मोठ्यांनी ठरवलं आणि मोठ्यांच्या डोक्यात पुढची मुलाखत होती.

दुसरं उदाहरण झारा रदरफोर्डचं. १९ वर्षांची, अल्ट्रालाइट (खूप हलक्या) विमानातून एकटी जगाला चक्कर मारून २० जानेवारी २०२२ ला परतली. तीन महिन्यांत व्हायचा प्रवास पाच महिने चालला, कारण अलास्कातल्या नोमला आणि पुढे रशियातल्या आयानला ती हवामानापायी कित्येक आठवडे नुसती थांबून होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा भाऊ मॅक १७ व्या वर्षी तशीच चक्कर पूर्ण करून आला. त्यांचा रेकॉर्ड लोकांना आठवतो, मला ते नोमचे दिवस आठवतात.

तुमच्या मुलासाठी आत्ता बघायचं तर ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) बघा. अमेरिका, ब्रिटन अशा देशांत १४ व्या वर्षी ग्लायडर एकट्याने उडवता येतो, इंजिनाच्या विमानात सोलो १६ ला आणि लायसन्स १७ ला. ग्लायडरमध्ये गो-अराउंड नसतो, म्हणून पोरं पहिल्या दिवसापासून उंची आणि वेग जपायला शिकतात, रडरवरचे पायही जागे होतात. सिम्युलेटरवर प्रोसिजर छान बसतात पण सीटखालून येणारी जाणीव तिथे नसते, शिवाय स्क्रीनकडे बघत बसायची सवय लागते जी नंतर मोडायला आम्हाला वेळ लागतो, तेव्हा त्याला इन्स्ट्रुमेंट झाकून बाहेर बघत उडवायला सांगा. आणि रोज सकाळी जवळच्या एअरपोर्टचा हवामान रिपोर्ट उघडून, वारा आणि ढग बघून, आज आपण उडालो असतो का नाही हे वहीत लिहायला लावा, कारणासकट. संध्याकाळी प्रत्यक्ष हवा कशी होती ते त्याच ओळीसमोर लिहायचं. वर्षभराची वही भरली की मला कळवा, मला ती बघायला आवडेल.