पॅकेट पकडायचे, पण कुठे उभे राहून?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीच्या अडतीचे दुकान असून कार्यालयात बारा संगणक आहेत. रात्री कुलूप लावल्यानंतरही इंटरनेटचा बराच वापर झालेला दिसतो. कोणता संगणक कोणाशी बोलतो हे पाहण्यासाठी मी लॅपटॉपवर वायरशार्क बसवले. पण त्यात माझ्याच लॅपटॉपची रहदारी दिसते. माझे काय चुकते? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपले सॉफ्टवेअर योग्य आहे, जागा चुकली आहे. संगणक एकमेकांना जोडणारी जुन्या काळची पेटी, म्हणजे हब, आलेले प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) सर्व तारांवर पाठवीत असे. आजचा स्विच मात्र ज्याचे पॅकेट त्यालाच देतो, त्यामुळे आपल्या लॅपटॉपपर्यंत इतरांची पॅकेट्स पोहोचतच नाहीत. त्यासाठी पोर्ट मिररिंगची, म्हणजे एका पोर्टवरील (तार जोडण्याच्या खाचेवरील) रहदारीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची, सोय असलेला स्विच घ्यावा आणि राउटरला जोडलेल्या पोर्टची प्रत लॅपटॉपच्या पोर्टवर वळवावी. मूळ रहदारीला यात धक्का लागत नाही. ही प्रत राउटरच्या आतल्या बाजूलाच घ्यावी, कारण राउटरच्या पलीकडे बाराही संगणक एकाच पत्त्याआड दिसतात आणि नेमका दोषी कोण हे कळत नाही.

सर्व काही साठवण्याचा मोह टाळावा. १०० मेगाबिटची जोडणी एका दिशेने पूर्ण भरून वाहिली, तर दिवसाला १ टेराबाइटहून अधिक माहिती जमते. आपला प्रश्न रात्रीचा आहे, तेव्हा रात्रीचीच नोंद घ्यावी.

बहुतेक मजकूर आज कूटबद्ध असतो, म्हणून तो वाचता येणार नाही. पण कोण, कोणाशी, केव्हा आणि किती बोलले हे लपत नाही. समजा, एकच संगणक ०२:१४:०७, ०२:१५:०७, ०२:१६:०७ असा मिनिटामिनिटाला एकाच अनोळखी पत्त्याला थोडीशी माहिती पाठवतो आहे. माणूस इतक्या ठोक्यावर काम करत नाही, त्यामुळे अशी ओळ दिसली की तिथेच थांबून पाहावे. अर्थात अँटिव्हायरस आणि घड्याळ जुळवणारी सेवाही ठरावीक अंतराने बोलतात. म्हणून त्याआधीच्या डीएनएस विचारणेत (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणे) कोणते नाव विचारले गेले, ते तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. वापर वाढण्याचे कारण शोधताना बाहेर जाणाऱ्या माहितीचा आकडाही पाहावा; कॅमेऱ्यांचे चित्रण किंवा हिशेबाचा बॅकअप रात्री बाहेर जात असेल, तर तेही इथेच उघड होईल.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. कार्यालयातील मंडळींना ही नोंद सुरू करण्यापूर्वी स्पष्ट कल्पना द्यावी. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरसारख्या जुन्या उपकरणांचा पासवर्ड अनेकदा उघडाच जातो आणि तो आपल्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरतो. म्हणून ती फाइल तिजोरीतल्या कागदांइतकीच जपावी आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

घुसखोरीची खात्री पटली, तर त्या संगणकाची नेटवर्कची तार काढावी, पण संगणक बंद करू नये. त्याच्या मेमरीतला पुरावा वीज जाताच नाहीसा होतो. अशा वेळी मात्र पकडलेली फाइल पुसू नये. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत.