हेलसिंकीकडे येताय? थंडीपेक्षा अंधाराची तयारी करा

ऑगस्टमध्ये फिनलंडला, हेलसिंकीशेजारच्या एस्पोला मास्टर्ससाठी येताय, जॅकेट कुठलं घ्यावं आणि ‘तिकडे हिवाळ्यात डिप्रेशन येतं’ हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. जॅकेट इथे येऊनच घ्या. दुसऱ्या प्रश्नाचं नीट सांगते.

सगळ्यांना डिप्रेशन येत नाही, पण मरगळ पुष्कळांना येते, आणि ती थंडीपेक्षा अंधारामुळे. डिसेंबरच्या मध्याला सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. सकाळचा उजेड मिळाला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं. मग उठवत नाही, दिवसभर पेंग येते, सारखं गोड खावंसं वाटतं. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतूशी जोडलेल्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हा ‘मीच आळशी झालोय’ म्हणून स्वतःला बोल लावू नका.

लोक जानेवारीला घाबरतात. माझ्या मते सगळ्यात जड नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सूर्यास्त एकदम साडेचारवर येतो. बर्फ अजून टिकत नाही, त्यामुळे रस्ते ओले, काळेकुळकुळीत. बसस्टॉपवर सगळे गडद कोटांत उभे, आणि त्यांच्या खिशांना लटकवलेले रिफ्लेक्टर तेवढे गाडीच्या दिव्यात चमकतात. (तो रिफ्लेक्टर तुम्हीही पहिल्याच आठवड्यात घ्या, अंधारात चालताना तो लावायचा नियमच आहे.) एकदा बर्फ साठला की उजेड परावर्तित होतो आणि खरंच हायसं वाटतं.

म्हणून जे काही ठरवायचं ते सप्टेंबरमध्येच ठरवा. बॅडमिंटन, गाण्याचा ग्रुप, फिनिश भाषेचा वर्ग, काहीही चालेल, पण वार ठरलेला हवा आणि सोबत माणसं हवीत. नोव्हेंबरात नवीन काही सुरू करायची उमेदच उरत नाही. तेव्हा ‘आज येताय ना?’ असं विचारणारं कुणीतरी आधीपासून असलेलं बरं.

दुपारी बाराच्या सुमारास, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चाला. ओटानिएमीला, म्हणजे एस्पोतल्या विद्यापीठाच्या परिसरात, समुद्राकाठचा रस्ता छान आहे. घरी फोन तेव्हाच करा: हिवाळ्यात भारताशी साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे तिकडे साडेतीन, चहाची वेळ. रात्रीवर ठेवलात तर आईबाबा झोपेला आलेले असतात आणि तुमचंही जागरण होतं.

प्रकाशाचा दिवा घेणार असाल तर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) घ्या. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास समोर, थोडा बाजूला ठेवायचा, थेट त्याच्याकडे बघायचं नाही. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाचंही त्यांच्याशीच बोलून घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच.

दोन आठवडे सलग उदास वाटलं, जेवण-झोप बिघडली, वर्गाला जाणं सुटलं, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. विद्यार्थ्यांसाठी वायटीएचएस ही आरोग्यसेवा आहे, मानसिक आरोग्याची मदत तिथेच मिळते. तिची फी दर सत्राला ‘केला’ (Kela) या सरकारी सामाजिक विमा संस्थेकडे भरायची असते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर लगेच ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

आणि सध्या नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस असलेलं इंग्रजी पत्र घ्या. इथे बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका.