ऊन सरकलं की कॅनव्हास बदल

अगं, तुझा मेसेज वाचून आधी चिडलोच. "सर, अर्ध्या तासात ऊन सरकतं, फोटो काढून पेंटिंग घरी पूर्ण केलं तर चालेल का?" चालेल की, कोण अडवतंय. पण मग पहाटे उठून वाईच्या घाटावर गेलीस कशाला?

ऊन सरकलं की तो कॅनव्हास खाली ठेव, दुसरा लाव. उद्या त्याच वेळेला तिथेच जाऊन पहिला परत काढ. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने जिव्हेर्नी गावात घराजवळच्या शेतात १८९०-९१ मध्ये हेच केलं, ऊन बदललं की सावत्र मुलगी ब्लांश दुसरा कॅनव्हास आणून द्यायची आणि गव्हाच्या गंज्यांची पंचवीसेक चित्रं झाली. त्यातली बर्फातली एखादी स्क्रीनवर मोठी करून बघ. सावली करडी नाहीच, निळी-जांभळी आहे, आणि ऊन लागलेल्या कडेला नारिंगी. तुझा मोबाईल ती सावली काळी करणार आणि तू ती काळीच रंगवणार!

तू म्हणशील, रुआन शहरातल्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची चित्रं तर त्याने शेवटी घरी स्टुडिओतच पुरी केली. केली ना, १८९४ ची तारीखही घातली. पण त्याआधी १८९२ आणि ९३ ची फेब्रुवारी ते एप्रिल समोरच्या खिडकीत उभा राहून, ऊन सरकेल तसे कॅनव्हास बदलत काढली होती त्याने. तेवढं बघून झालं की तूही खुशाल घरी पूर्ण कर, मी एक शब्द बोलणार नाही.

मला लोक म्हणतात, किती दिवस तोच घाट काढणार. काढणार. पोटासाठी फोटोवरून पोर्ट्रेट्स करण्यात माझ्या कितीतरी सकाळी गेल्या, त्याची लाज नाही, पण ती उन्हं गेली ती गेलीच, म्हणून आता मी त्या पायऱ्या सोडत नाही आणि कुणाला पटवतही बसत नाही.

आणि स्टाईल कधी येईल हे परत विचारू नकोस बाई. दर रविवारी नवी जागा शोधतेस, एकाही जागेचं आठचं आणि नऊचं ऊन तुला वेगळं सांगता येत नाही, स्टाईल कुठून येणार?

रविवारी चार छोटे बोर्ड ने, प्रत्येकाच्या मागे वेळ लिही. वेळ संपली की बोर्ड बदल, हात कितीही शिवशिवला तरी. ढग आले तर ढगांचा वेगळा बोर्ड. आणि संध्याकाळी मला चारही पाठव, अर्धवटच पाठव, घरी जाऊन हात फिरवलेलं मला लगेच कळतं.