बायबलमध्ये नसलेल्या कथा मध्ययुगीन कॅथेड्रलांच्या शिल्पांत कुठून आल्या?
मुख्यतः बायबलच्या मान्य ग्रंथांत स्थान न मिळालेल्या, पण भाविकांत आणि धर्मगुरूंतही रूढ असलेल्या लेखनातून. फ्रान्समधील शार्त्र येथे 12व्या शतकाच्या मध्यातील पश्चिम प्रवेशद्वाराच्या स्तंभशीर्षांवर येशूची आई मरीया हिचे आईवडील योआकीम आणि अ‍ॅना यांची कथा कोरलेली आहे. बायबलमधील येशूच्या चारही चरित्रांत, म्हणजे शुभवर्तमानांत, या दोघांची नावेसुद्धा येत नाहीत. फ्रान्समधीलच सान्लिस येथील, 1170च्या सुमाराच्या शिल्पात देवदूतांचा घोळका मृत मरीयेला शय्येवरून अक्षरशः लगबगीने उठवतो, आणि मला तरी या साऱ्यांत तेच सर्वांत जिवंत वाटते. तिथल्याच आम्यां शहरातील कॅथेड्रलच्या शिल्पात बाळ येशू मिसर देशात (इजिप्तमध्ये) येताच तिथल्या मूर्ती चौथऱ्यांवरून कोसळतात. हा प्रसंग शुभवर्तमानकार मत्तयाच्या नावावर खपवलेल्या एका उत्तरकालीन ग्रंथातला आहे.