आजीचा नर्सचा गणवेश कसा जपावा?

प्रश्न: आजी नर्स होती. तिचा पांढरा सुती गणवेश, टोपी आणि बिल्ला आठवण म्हणून जपायचा आहे. कापड पिवळं पडू लागलंय. काय करावं?

उत्तर: आधी बिल्ला आणि टाचण्या काढा, गंजाचा डाग सहजासहजी जात नाही. मग खळ धुऊन काढा. कडक टोपी दिसते छान, पण खळीवर कसर ही कीड पोसते. टोपी उलगडण्याआधी घड्यांचे फोटो घ्या, नाहीतर पुन्हा तशी जमणं कठीण. कोमट पाणी, सौम्य साबण, तासभर भिजवणं, चार-पाचदा खळबळणं. ब्लीच नको, जुना धागा विरतो. पूर्ण वाळल्यावर आम्लरहित (ॲसिड-फ्री) कागदात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नकोच, ओल कोंडून बुरशी येते. दर 6 महिन्यांनी घडी बदला. बिल्ला मात्र घासू नका, मुलामा झिजतो.