रिपेअरचं इस्टिमेट मोठं आलं म्हणून गाडी काढून टाकायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. गाडी 9 वर्षांची, रनिंग 1 लाख 12 हजार किलोमीटर, आता वर्षाला 10 हजारच्या आसपास फिरते. सर्व्हिसला टाकली तर गॅरेजवाल्याने भलंमोठं इस्टिमेट हातात दिलं, क्लच, पुढचं सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा), चारही टायर, बॅटरी, एसीचा गॅस लीक आणि वर काय काय. गाडी आज आहे तशी विकली तर जेवढे मिळतील त्याच्या निम्मे पैसे या एका रिपेअरलाच जातायत. म्हणून मिस्टरांचं म्हणणं की अशा गाडीत अजून पैसा कशाला घालायचा, एक्स्चेंजला देऊ, 5 वर्षांच्या लोनवर नवी घेऊ, निदान डोक्याला ताप नाही. आणि तुम्हाला वाटतंय की हप्ता जाईल कसाबसा पण मग महिन्याला हातात काही उरणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट असतील तर रिपेअर करा आणि अजून 3 वर्षं हीच गाडी वापरा. आता का ते.

मिस्टरांची तुलनाच चुकीच्या आकड्याशी चाललीय. रिपेअरचा खर्च आणि गाडीची विकायची किंमत यांची तुलना जवळजवळ सगळेच करतात, आणि ती करून बघितली की 8-10 वर्षांची प्रत्येक गाडी विकण्याच्याच लायकीची वाटते, कारण गाडीची किंमत दरवर्षी उतरते पण क्लच प्लेट आणि टायर काही गाडी जुनी झाली म्हणून स्वस्त मिळत नाहीत. खरी तुलना कशाशी करायची तर ही गाडी काढल्यावर जी येणार तिच्या वर्षाच्या खर्चाशी. तुम्हाला घरासाठी एक गाडी लागतेच ना, मग प्रश्न एवढाच उरतो की पुढची 2-3 वर्षं कुठल्या गाडीत फिरणं स्वस्त पडतं.

हिशोब सोपा व्हावा म्हणून नव्या गाडीची किंमत 100 धरते. त्या मापात तुमच्या गाडीला आज 14 मिळतायत आणि इस्टिमेट आहे 7 चं. नवी घेतली तर 14 डाउन पेमेंट आणि 86 चं लोन, व्याज 9 टक्के धरलं आणि मुदत 5 वर्षं, तर महिन्याचा हप्ता बसतो साधारण 1.8. म्हणजे हे जे रिपेअरचं बिल बघून तुम्ही दोघं हादरलात ते नव्या गाडीच्या फक्त 4 हप्त्यांएवढं आहे. पाचव्या महिन्यातही हप्ता असतो, सहाव्यातही असतो, असे 60.

आता 2 वर्षांचं चित्र बघा. जुनी ठेवली तर 7 आत्ताचे, सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामांचे 5 धरू, अचानक काहीतरी निघेल त्याचे 3, आणि गाडीची किंमत 14 वरून 9 वर येईल म्हणजे तिथे 5 गेले, एकूण 20. नव्या गाडीत पहिल्या 2 वर्षांचं व्याजच 13 च्या आसपास जातं, किंमत 100 ची 70 झाली असं धरलं तर 30 तिथे, शिवाय रजिस्ट्रेशन आणि नव्या गाडीचा जास्तीचा इन्शुरन्स मिळून 6, सर्व्हिसिंगचे 2, म्हणजे झाले 51. व्याजाचा आकडा गणिताने येतो, बाकीचे मी अंदाजाने धरलेत, तुमच्याकडे जे कोटेशन आहे त्यातले टाकून बघा, थोडं इकडेतिकडे होईल. पण फरक 31 चा आहे ताई. जुनी गाडी या 2 वर्षांत महाग पडायची असेल तर आत्ताच्यासारखी मोठी इस्टिमेटं अजून चारपेक्षा जास्त वेळा यावी लागतील. तशी गाडी असतेही, नाही असं नाही, पण ती आधी ओळखू येते, त्यावर खाली बोलते.

मुळात गोंधळ होतो कुठे, तर रिपेअर एकदम दणका देऊन जातं आणि घसारा काही बिल पाठवत नाही. नव्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च हाच, किंमत उतरण्याचा, पण तो विकायला निघाल्याशिवाय दिसत नाही म्हणून आपण तो धरतच नाही.

आणि ते डोक्याला ताप नाही वगैरे... वॉरंटी उत्पादनातल्या दोषांसाठी असते. टायर, ब्रेक पॅड, वायपर, क्लच असली झिजणारी मंडळी तिच्यात बहुतेक येत नाहीत, एक्स्टेंडेड वॉरंटीतही नाहीत. इन्शुरन्सही झीज भरून देत नाही, तो अपघात आणि चोरीसारख्या गोष्टींसाठी. उलट नव्या गाड्यांमध्ये सेन्सर, कॅमेरा, एलईडी हेडलॅम्प इतके झालेत की बंपरला किंवा काचेला जरा लागलं तरी बिल भारी येतं, काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलून पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा नव्याने अचूक जुळवणं, करावं लागतं. नवी गाडी वाईट नाही, पण ती बिनखर्चाची नाही.

आता इस्टिमेट. हे जसं छापून आलंय तसं एकदम ओके करू नका. पहिलं काम, पार्टची किंमत आणि लेबर वेगवेगळं लिहून मागा, आणि गाडी दुसऱ्या चांगल्या मेकॅनिककडे न्या, पण इस्टिमेट न दाखवता, फक्त गाडी चालवायला देऊन विचारा काय काय वाटतंय. दोघांच्या यादीत जे सारखं निघेल ते खरं काम. 

टायमिंग बेल्टच्या बाबतीत अजिबात चालढकल नको. बेल्ट आतून कधी तुटेल ते बाहेरून कळत नाही आणि बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, मग जे बिल येतं त्यापुढे आत्ताचं इस्टिमेट काहीच नाही. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते लिहिलेलं असतं, दोन्हीपैकी जे आधी येईल ते, आणि 9 वर्षांत एकदाही बदलला नसेल तर बदलाच. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही त्याच वेळी बदलून टाका, कारण लेबर तेच असतं, नाहीतर वर्षभराने पंप गळायला लागला की तेच सगळं पुन्हा खोलायचं. (मॅन्युअल काढून एकदा बघा तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन. चेन असेल आणि तरी बेल्टचे पैसे लावले असतील तर त्या गॅरेजचा नाद सोडा.)

क्लचचंही तसंच, गिअरबॉक्स उतरवायचं लेबरच मोठं, त्यामुळे नुसती प्लेट टाकून पैसे वाचवू नका, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून सेट बदला. पण क्लच खरंच गेलाय का ते आधी बघा. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढतात पण गाडी त्या मानाने पळत नाही असं होतंय का? होत नसेल, पेडल जड झालं नसेल, गिअर नीट पडत असतील, तर क्लच अजून काही महिने थांबू शकतो. मेकॅनिकला विचारा, स्लिप होतोय का फक्त किलोमीटर बघून लिहिलाय.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. 6 वर्षांच्या पुढचा असेल, बाजूला चिरा असतील किंवा खाच झिजून 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आली असेल तर विषय संपला, बदला. पण चारही एकदम झिजलेत का? दोनच बदलायचे असतील तर नवे टायर मागे लावा, लोक हमखास पुढे लावतात, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं फार अवघड. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर मात्र चारही बरोबरच.

सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडून धरणारे भाग) असेल तर लगेच करा, तो सुरक्षेचा विषय आहे. नुसता लिंक रॉडचा खडखडाट असेल तर ते स्वस्तातलं काम. काहीही केलं तरी नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या नाहीतर नवे टायर कडेने खाल्ले जातील. ब्रेक ऑइल तुमच्या यादीत दिसलं नाही, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लवकर उकळायला लागतं म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलतात, किरकोळ खर्च आहे, सांगून करून घ्या. एसीचं काम नंतर केलं तरी चालेल, फक्त लीक शोधल्याशिवाय नुसता गॅस भरू देऊ नका, महिन्याभरात पुन्हा तिथेच. आणि ते इंजिन फ्लश, फोम क्लीनिंग, कोटिंग वगैरे जे शेवटी घुसडलंय त्यावर सरळ काट मारा.

एवढं केलं की माझ्या अंदाजाने 7 पैकी 4 ते 5 चं काम आत्ताचं निघेल, बाकीचं पुढच्या सहा महिन्यांत.

आता विकायला कधी सांगेन? कामाला हो म्हणायच्या आधी इंजिनची कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची तपासणी) करून घ्या. एखाद्या सिलेंडरला कम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी येत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येतोय आणि दर महिन्याला ऑइल टॉप-अप करावं लागतंय, किंवा कूलंट कुठे गळताना दिसत नाही पण कमी होतोय आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरतेय, यातलं काही असेल तर माझं वरचं गणित फिरलं, कारण मग 7 हा आकडा नुसती सुरुवात आहे. तसंच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देत असेल, खालच्या सांगाड्याला गंज असेल, पार्ट मिळायला महिना महिना लागत असेल, किंवा तुमच्या भागात जुन्या गाड्यांना वयाची अट असेल आणि ती जवळ आली असेल, तर रिपेअर न करता विका. अजून एक, गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसेल आणि मुलांना घेऊन हायवेवर नेहमी जाणं असेल तर त्यासाठी गाडी बदलणं मला पटतं, पण मग ते सुरक्षेसाठी जास्त पैसे देणं आहे, त्याला बचत म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय की रात्री रस्त्यात बंद पडायची भीती वाटते. ती खरी आहे, हसण्यावारी नेत नाही. पण रस्त्यात बंद पडायची कारणं बहुतेक वेळा बॅटरी, बेल्ट, कूलंटचा पाइप, टायर हीच असतात आणि हे सगळं याच रिपेअरमध्ये बदललं किंवा तपासलं जातंय. वर रोडसाइड असिस्टन्स घ्या वर्षाचा.

पैशाचं म्हणाल तर माझी खरी तक्रार इस्टिमेटबद्दल नाहीच, तुमच्या महिन्याच्या बजेटबद्दल आहे. त्यात गाडीच्या नावाने फक्त इंधन आहे. बॅटरी 3 ते 5 वर्षांत जाणार, टायर 40-50 हजार किलोमीटरला जाणार, इन्शुरन्स तर दरवर्षी ठरलेल्या तारखेला, यातलं अचानक काय आहे? तर असं करा. नव्या गाडीचा जो 1.8 चा हप्ता तुम्ही भरायला तयार होतात तो भरायला सुरुवात करा, फक्त स्वतःच्याच वेगळ्या खात्यात. पहिले 4 महिने तो रिपेअरला जाईल (आत्ता इमर्जन्सी फंडातून बिल भरा आणि या पैशांनी तो पुन्हा भरून काढा, क्रेडिट कार्डवर मात्र फिरवत बसू नका). त्यानंतर पाव भाग गाडीच्या मेंटेनन्सचा फंड आणि उरलेला पाऊण भाग पुढच्या गाडीसाठी. 3 वर्षं संपताना पुढच्या गाडीसाठी 40 च्या वर जमलेले असतील, व्याज न धरता. आणि हप्ता झेपतो की नाही ते डोक्यावर लोन न घेताच कळेल, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली तर समजा की शोरूममध्ये सही केली असती तर अडकला असतात.

तरीही नवीच घ्यायची ठरली तर मुदत 7 वर्षं करून हप्ता कमी दाखवतील त्याला भुलू नका. 9 टक्क्यांनी 100 चे 5 वर्षांत 124.5 भरावे लागतात, 7 वर्षांत 135. आणि व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे का रिड्यूसिंग बॅलन्सवर (उरलेल्या कर्जावरच) ते लेखी विचारा, 5 वर्षांसाठी फ्लॅट 9 टक्के म्हणजे प्रत्यक्षात 15 च्या वर पडतात. एक्स्चेंज बोनसही असाच, आधी गाडीची किंमत बाहेर दोन ठिकाणी काढा, बोनस देऊन जुनीची किंमत तेवढीच कमी लावलेली असते कधी कधी.

सेकंडहँड 3-4 वर्षांची हा मधला मार्ग आहे, मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, पण अशी गाडी टायर आणि बॅटरी बदलायच्या उंबरठ्यावरच विकायला येते हे किमतीत धरा. तुमच्या बाबतीत मला त्याची आत्ता गरज वाटत नाही.

कम्प्रेशन टेस्टचे आकडे आले की मिस्टरांना दाखवा आणि मलाही कळवा, प्रत्येक सिलेंडरचे वेगवेगळे लिहून घ्या, मेकॅनिक नुसतं ठीक आहे म्हणाला तर ते चालणार नाही.